पद्मिनअक्कांचे खड्डे

पद्मिनअक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी मागच्या दाराला जायच्या. पुढून कुणी "या, या" म्हणत सतरंजी अंथरलेली असायची, चुलीवर चहाचं आधण चढलेलं असायचं, आणि अक्का घराला वळसा घालून केव्हाच मागं पोचलेल्या असायच्या. न्हाणीचं पाणी कुठून निघतं, भांडी घासल्याचं पाणी कुठं साचतं, तिथं माश्या किती, चिखल किती, हे सगळं डोळ्याखालून घातलं की मग पदरानं घाम पुसत, जणू आत्ताच आल्यासारख्या पुढच्या दारानं आत यायच्या आणि मांडी घालून म्हणायच्या, "हां, आता द्या चहा."

चहा त्या बशीतच प्यायच्या, आणि तोही असा आवाज करून की शेजारच्या घरी कळावं, अक्का इथं आल्यात.

मी लातूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली ती नायगाव तालुक्यातल्या पिंपळटाकळीला. नवऱ्याची नोकरी लातुरात, त्यामुळं आठवडाभर गाव आणि रविवारी घर असा आमचा संसार. गावचे माजी सरपंच गंगाधरराव पाटील यांच्या वाड्याच्या कडेला दोन खोल्या होत्या. एकीत गावची ग्रामसेविका राहते आणि दुसरी रिकामी आहे, एवढं ऐकून मी ट्रंक आणि वळकटी घेऊन एका दुपारी तिथं पोचले. घरात कुणी नव्हतं. मागच्या बाजूनं भांडणाचा आवाज येत होता, म्हणून तिकडं गेले. साडीचा काष्टा मारलेली एक ठेंगणी, जाड, गोरीपान बाई मोरीच्या तोंडाशी उभी होती आणि समोर धोतरातले गंगाधरराव. बाईंनी मला पाहिलं आणि ओळख वगैरे न विचारता विचारलं, "तुमी मास्तरीनबाई ना? तुमीच सांगा, हे पानी कुठं जावं?"

वळकटी माझ्या काखेतच होती. मी म्हटलं, "गटारीत."

"आन गटार कुठं जाती?"

मी गटार वाहत होती तिकडं बघायला लागले. बाईंनी गंगाधररावांकडं असं पाहिलं जणू मी आपल्याच बाजूनं साक्ष दिली. मग माझ्या काखेतली वळकटी ओढून घेतली आणि म्हणाल्या, चल, तुला खोली दाखवते. भांडण तिथंच थांबलं. गंगाधररावांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला.

ग्रामसेविका त्याच, पद्मिनअक्का. मूळच्या उदगीरच्या. कर्नाटकाची हद्द तिथून जवळ, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात कानडी शब्द सहज यायचे. पहिल्याच दिवसापासून त्या मला 'तंगी' म्हणायला लागल्या, म्हणजे धाकटी बहीण. गावात सगळे त्यांना अक्काच म्हणत. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. मॅडम म्हटलं की माणूस खुर्चीवर बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडं एक जुनी स्कूटी होती आणि तिच्या पाय ठेवायच्या जागेत कायम एक खोरं आडवं ठेवलेलं असायचं. त्यामुळं अक्का गुडघे बाहेर काढून गाडी चालवत. लांबून बघितलं तर बदक येतंय असं वाटे.

आवाज खणखणीत. विनोद सांगताना त्यांना स्वतःलाच आधी हसू फुटायचं, इतकं की शेवट कधी ऐकायलाच मिळायचा नाही, आणि तरी ऐकणारे पोट धरून हसत. दर पंधरवड्याला केसांना काळा रंग लावायच्या आणि डोक्याला जुनं फडकं गुंडाळून त्याच अवतारात दारात बसून लोकांचे दाखले सह्या करून द्यायच्या. कुठल्याही घाणीत बेधडक हात घालणारी ही बाई पालीला मात्र विलक्षण घाबरायची. खोलीत पाल दिसली की अक्का बाजेवर उभ्या राहून ओरडत, आणि गंगाधरराव केरसुणी घेऊन धावत येत. सकाळी दोघांचं मोरीवरून कितीही वाजलेलं असो, पाल हाकलायला पाटीलच लागायचे. पाल गेली की अक्का खाली उतरत आणि सकाळचं भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू करत.

त्या भांडणाचं कारण असं होतं. आमची गल्ली उताराची. पाटलांचा वाडा वरच्या टोकाला, आणि साऱ्या गल्लीचं सांडपाणी उघड्या गटारातून वाहत खालच्या टोकाला जायचं. तिथं मंगल नावाची मजुरी करणारी बाई राहायची. तिच्या दाराशी त्या पाण्याचं डबकं बारा महिने. तिची मुलगी राधा माझ्या चौथीच्या वर्गात होती. काडीसारखी बारीक, पण कविता म्हणायला लागली की आवाज शाळेच्या पत्र्याला लागायचा.

पिंपळटाकळीत पोळ्याच्या सुमाराला ताप यायचा आणि दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकायचा. लोकांना त्याची इतकी सवय होती की यंदा ताप लवकर आला की उशिरा, हे पाहुण्यांबद्दल बोलावं तसं बोलत. नायगावहून एक खासगी डॉक्टर मोटारसायकलवर रोज फेरी मारायचे. घराघरात खुंटीला टोप्यांच्या शेजारी सलाईनच्या बाटल्या लटकत. डासांसाठी धुराचं मशीन यायचं, गल्लीभर धूर व्हायचा, पोरं त्याच्या मागं पळायची, आणि संध्याकाळी डास परत जागेवर. माझा वर्ग त्या दिवसांत अर्धा रिकामा असायचा.

मी आले त्या वर्षी राधा आजारी पडली. आधी साधा ताप वाटला, मग उतरेचना. टायफॉइड निघाला, आणि पोरगी इतकी खंगली की नांदेडला दवाखान्यात न्यावं लागलं. अक्का जीपमध्ये मंगलच्या शेजारी बसून गेल्या आणि पोरीला उतार पडेपर्यंत तिथंच राहिल्या. परत आल्या तेव्हा राधा धोक्याबाहेर होती, पण अक्का हसत नव्हत्या. आल्या त्या थेट खालच्या टोकाला गेल्या. नळाला पाणी यायची वेळ झाली होती. गावाच्या नळाची पाइप त्या डबक्यातूनच गेलेली होती, आणि तिचा एक सांधा पाण्याखाली ढिला झालेला होता. नळ बंद असताना गटारीचं पाणी त्यातून आत शिरायचं. मंगलच्या नळाचं सुरुवातीचं पाणी अक्कांनी एका स्टीलच्या पेल्यात धरलं, वास घेतला, आणि पेला तसाच हातात धरून गल्ली चढून वर आल्या.

गंगाधरराव ओट्यावर बसले होते. मी शाळेतून नुकतीच आले होते. अक्कांनी पेला त्यांच्या नाकासमोर धरला आणि वास घ्या म्हणाल्या. पाटलांनी घेतला.

"चंदनाचा येतोय," ते म्हणाले.

"तुमच्या घरचा साबन हाय, पाटील. राधाच्या नळाला येतोय."

पाटलांनी पेला हातात घेऊन ओट्यावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. आम्हाला दोघींना रोज ताक पाठवायचे, राधाच्या दवाखान्यासाठी जीपही त्यांनीच दिली होती. पण ते म्हणाले, पाइप दुरुस्त करा, माझ्या मोरीचा काय दोष? पाइप अक्कांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घेतली. तरी त्यांचं म्हणणं एकच होतं. पाइप गटारात आहे तोवर ती पुन्हा गळणार, आणि गटार आहे तोवर डास आहेत. ज्याचं पाणी त्यानं आपल्याच दारात जिरवायचं. दारात खड्डा खणायचा, दगड भरायचे, सांडपाणी त्यात सोडायचं, जमीन ते पिऊन टाकते. रोजगार हमीतून सरकार हे काम करून देतं, मजुरीही गावातल्याच माणसांना मिळते. गटारच राहणार नाही.

पाटलांनी साफ नकार दिला. त्यांच्या अंगणात एक विहीर होती. तिचं पाणी गोड म्हणून गावात ख्याती होती, लग्नाच्या स्वयंपाकाला लोक तिथून पाणी न्यायचे. त्या विहिरीजवळ घाण पाणी जमिनीत सोडायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. अक्का माझ्याजवळ म्हणायच्या की म्हाताऱ्याची भीती खोटी नाही, खड्डा विहिरीपासून लांबच पाहिजे, पण आज त्यांना हे सांगून उपयोग नाही. मग पाटलांचं घर सोडून त्यांनी बाकीच्या गल्लीला हात घातला.

ते दिवस मोठे गमतीचे होते. अक्का सकाळी दारोदार जायच्या आणि पाण्याचा विषयच काढायच्या नाहीत. सुनेच्या माहेरची चौकशी, म्हशीच्या दुधाची चौकशी, शेंगाची चटणी कशी केली ते विचारणं, आणि उठता उठता, दारात चपला घालताना, "तेवढं खड्ड्याचं बघा बरं" एवढंच. आमची स्वतःची भांडी घासलेलं पाणी त्या मला कधी गटारीत ओतू देत नसत. पाटलांच्या परसात एक पपई लावली होती, सगळं तिला. पाटील विचारत, ही पपई कुणाची? अक्का म्हणत, ग्रामपंचायतीची. एकेक करत बायका तयार झाल्या. पुरुषांना सांगायचं काम मग बायकांनीच केलं. उन्हाळ्यात खड्डे खणायला सुरुवात झाली. मंगल रोज कामावर होती, राधा बरी होऊन खड्ड्यांच्या कडेला बसून कविता म्हणायची. पावसाच्या आधी गल्ली कोरडी झाली. जिथून उडी मारून जावं लागायचं तिथून लोक सरळ चालायला लागले, आणि काही दिवस सवयीनं तिथं उडीही मारायचे.

अक्का त्या महिन्यात फार खुशीत होत्या. रोज संध्याकाळी धपाटे करायच्या.

पण पाऊस लागला आणि महिना-दोन महिन्यांत खड्डे तुंबायला लागले. आधी एक, मग त्याच्या शेजारचा. साबणाचा फेस, केस, भाताची शितं, तेलकट गाळ, सगळं दगडांच्या फटीत जाऊन बसलं. पाणी जिरेना. काळं, शेवाळलेलं पाणी वर येऊन दाराशी पसरलं, आणि त्याचा वास जुन्या गटारीपेक्षा वाईट. ज्या बायकांनी नवऱ्यांशी वाद घालून खड्डे करून घेतले होते त्यांना आता घरात बोलणी बसत होती. पोळ्याच्या सुमाराला ताप आला. डॉक्टरांची मोटारसायकल पुन्हा सुरू झाली.

अक्कांनी एक खड्डा स्वतः उकरून बघितला. मी शाळेतून येताना पाहिलं, तर त्या गुडघाभर खोल खड्ड्यात उभ्या होत्या, हातात काळा झालेला दगड होता. त्या रात्री जेवल्या नाहीत.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. इतकी माणसं मी ग्रामसभेला कधी पाहिली नव्हती. सरपंच बाई तरुण, बिचाऱ्या गोंधळून गेल्या. सगळे एकाच वेळी बोलत होते. कुणी म्हणे सरकारी काम असंच असतं, कुणी म्हणे खड्डे बुजवा. गंगाधरराव मधोमध उभे राहिले होते. ते आता काय बोलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर ठरलं होतं. तेवढ्यात अक्का उठल्या. गलका आपोआप कमी झाला.

"खड्डा चुकला न्हाई, मी चुकले," अक्का म्हणाल्या. "खड्ड्यात मधी शिमिटाची टाकी बसवायची असती. गाळ तिच्यात बसतो, वरचं पानी तेवढं दगडात जातं. झाकन काढून टाकी साफ करता येती. मला म्हाईत होतं. पन टाक्या ओतायला, वाळायला येळ लागतो, आन मला पावसाच्या आधी गल्ली कोरडी दाखवायची हौस. म्हनून नुसते दगड भरले. बायकांना बोल लावू नका. त्यांनी माझं ऐकलं. आता सगळे खड्डे मी उपसून देते, आन टाकी बसवून देते."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. पदर सावरला. गंगाधरराव अजून उभेच होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, घसा खाकरला, आणि तेही बसले.

पुढच्या शनिवारी उदगीरच्या गाडीनं एक उंच, सावळे, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ उतरले. अक्कांचे यजमान शिवाप्पा. उदगीरला त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजात बोलून उपयोग नसतो म्हणून की काय, त्यांना बोलायची सवयच राहिली नव्हती. मी त्यांना दाजी म्हणायची. हातात एक पिशवी, तीत जुने कपडे. सदरा काढून खुंटीला लावला, जुने कपडे चढवले आणि बादली घेऊन पहिल्या खड्ड्यात उतरले. अक्का वर, दाजी खाली. अक्का अखंड बोलत होत्या, दाजी बादल्या भरून देत होते. दुपारपर्यंत मंगल आली, मग दोन-तीन बायका आल्या, मग लाजेकाजेनं त्यांचे नवरे आले. दाजींनी दिवसभरात एकदाच तोंड उघडलं. चहा दिला तेव्हा म्हणाले, साखर जरा कमी.

उन्हं उतरायला लागली तेव्हा गंगाधरराव ताकाची चरवी घेऊन स्वतः गल्लीत आले. एरवी ते ताक गड्याच्या हाती पाठवत. दाजींना ताक दिलं, अक्कांना दिलं, आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले.

"चुकलो म्हननारं सरकार जल्मात पहिल्यांदा बघितलं," ते म्हणाले. "माझ्या दारापुढं बी खांदा. पन हिरीपासून लांब."

अक्कांच्या वरच्या ओठाला ताक लागलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमी जागा दाखवा, तिथं खांदते."

पाटलांनी जागा दाखवली ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, उताराच्या बाजूला. टाक्या यावेळी नीट ओतल्या, पाणी मारून मारून वाळवल्या. अक्का रोज जाऊन टाकीवर टिचक्या मारून बघायच्या, मडकं घेताना बघतात तशा.

त्यानंतरच्या वर्षी पोळा झाला, दसरा झाला, आणि माझा वर्ग भरलेलाच राहिला. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. ताप येतो तेव्हा कळतो, येत नाही तेव्हा कोण बघतं? मलाच एक दिवस शिकवता शिकवता जाणवलं की बसायला जागा कमी पडतेय. संध्याकाळी अक्कांना सांगितलं तर त्या उठून आत गेल्या आणि धपाट्याचं पीठ भिजवायला घेतलं. नायगावचे डॉक्टर आता फक्त बाजाराच्या दिवशी येत. अक्कांनी त्यांना एकदा चहाला बोलावलं आणि तुमचं नुकसान झालं म्हणून माफी मागितली. डॉक्टर भले माणूस. हसून म्हणाले की माझ्या घरामागंही एक खड्डा करून द्या, मग फिटलं. आणि अक्का खरोखरच त्यांच्या घरामागं जाऊन आल्या.

उन्हाळ्यात गल्लीतला हापसा एरवी आटायचा, तो त्या वर्षी आटला नाही. अक्का म्हणत, गल्लीचं पाणी गल्लीतच मुरतंय, म्हणून. गंगाधरराव म्हणत, माझ्या विहिरीचा तो झरा आहे. यावर दोघांचं रोज वाजायचं. गावानं दुसऱ्या गल्ल्यांतही खड्डे करून घेतले, आणि लोक अंगणात बाजा टाकून मच्छरदाणीशिवाय झोपायला लागले.

याच काळात अक्कांच्या मुलीचं, शिल्पाचं लग्न ठरत होतं. शिल्पा लातूरला औषधनिर्माणशास्त्र शिकत होती. स्थळही लातूरचंच आलं. मुलगा इंजिनिअर, नव्या वसाहतीत बंगला. घर बघायला जाताना लातूरची म्हणून अक्कांनी मलाही बरोबर घेतलं; दाजी आणि शिल्पा होतेच. वाटेत मी त्यांना बजावलं होतं, दाजींनी नुसतं माझ्याकडं विनवणीच्या नजरेनं पाहिलं होतं. बंगल्यापुढं रिक्षा थांबली. मुलाची आई दारात हसत उभी. मी चप्पल काढून वर बघते तो अक्का नाहीत.

बंगल्याच्या मागं मोकळा प्लॉट होता. सगळ्या घराचं सांडपाणी एका पाइपातून त्या प्लॉटमध्ये पडत होतं, आणि डुकरं त्यात सुखानं लोळत होती. अक्का पुढच्या दारानं आत आल्या, बसल्या, पोहे घेतले, मुलाला त्याच्या नोकरीचं विचारलं, आणि मग अगदी प्रेमानं मुलाच्या आईला विचारलं की तुमच्या मागच्या प्लॉटमध्ये ते पाणी कुणाचं?

मुलीची आई असं विचारते म्हटल्यावर तिथली हवाच बदलली. त्या बाईंचा चेहरा लाल झाला. दाजी पोह्यातला शेंगदाणा बारकाईनं पाहू लागले. मुलगा मात्र उठला आणि म्हणाला, चला, बघू. तो आणि अक्का मागं गेले. अर्धा तास त्या दोघांचा आवाज मागून येत होता आणि पुढं आमचे पोहे गार होत होते. परतीच्या रिक्षात शिल्पा आईशी बोलली नाही. अक्काही जरा हिरमुसल्या होत्या. स्थळ गेलं असंच आम्ही धरून चाललो.

काही दिवसांनी मुलाचा फोन आला. अक्का, खड्डा खणलाय, बघायला या. अक्का पहिल्या गाडीनं गेल्या. बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "तंगी, टाकी जरा लहान केलीय. पन पोरगा चांगला हाय."

लग्न लातूरलाच झालं. गंगाधरराव फेटा बांधून आले होते.

मग अक्का निवृत्त झाल्या. निरोपाला गावानं ट्रॅक्टर सजवला, तर त्या म्हणाल्या मला स्कूटी आहे. शेवटी स्कूटीच ट्रॉलीत चढवली आणि अक्कांना तिच्यावर बसवून गावातून फिरवलं. भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा एक विनोद सांगायला घेतला आणि नेहमीसारखं मधेच हसू फुटलं. यावेळी हसता हसता डोळे पुसत राहिल्या, आणि तो विनोद तसाच राहिला. पुढं माझीही बदली लातूरला झाली. फोन व्हायचे. गुडघे धरलेत, गिरणी आता पुतण्या बघतो, दाजी अजून बोलत नाहीत, असं त्या सांगायच्या.

गेल्या वर्षी नांदेडच्या बसस्थानकावर त्या दोघांशी माझी गाठ पडली. मी एका प्रशिक्षणासाठी आले होते, लातूरच्या गाडीची वाट बघत होते. अक्का आणि दाजी माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघाले होते. किती वर्षं नवस राहिला होता, अक्का म्हणाल्या, नोकरीत सवड झाली नाही. दाजींच्या मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी होती, तिच्यातून नारळ आणि हिरवा खण दिसत होता. अक्का बारीक झाल्या होत्या. केसांना रंग लावणं सोडलं होतं, आणि पांढरे केस त्यांना शोभत होते. त्यांनी मला बाकावर ओढून बसवलं आणि पिंपळटाकळीची खबर विचारली.

राधा आता नायगावला कॉलेजात होती, मला अधूनमधून फोन करायची. तिनं सांगितलं होतं ते मी बोलून गेले. गल्लीत नवी घरं झालीत, नवी माणसं आलीत, टाक्या कुणी साफ करत नाही. खालच्या टोकाचे दोन-तीन खड्डे भरून वाहायला लागलेत.

बोलल्यावर वाटलं, उगीच सांगितलं. अक्का गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. मी विषय बदलायला शिल्पाच्या बाळाचं विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, पण लक्ष नव्हतं. समोर माहूरची गाडी लागली, कंडक्टर हाका मारू लागला. अक्का उठल्या, दोन पावलं टाकली आणि थांबल्या. देगलूरची गाडी शेजारच्या फलाटावर उभी होती. ती नायगाववरून जाते, आणि तिथून पुढं पिंपळटाकळी.

दाजींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माहूरच्या गाडीकडं पाहिलं. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

"देवी कुठं जात न्हाई," दाजी म्हणाले. "चल."

अक्कांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरत, देगलूरच्या गाडीत चढल्या. दाजी मागून त्यांना आधार देत होते. गाडी लगेच सुटली. खिडकीशी दाजी बसले होते, मांडीवर ओटीची पिशवी दोन्ही हातांनी धरून, आणि त्यांच्या पलीकडं अक्का शेजारच्या अनोळखी बाईला हातवारे करून काहीतरी विचारत होत्या. ती बाई ओचा सावरून त्यांच्याकडं वळली आणि उत्तर द्यायला लागली.